खुलभर दूध

श्रावणी सोमवारच्या कहाण्यांमध्ये खुलभर दुधाच्या कहाणीचे स्थान वेगळे आहे. एका नगरीच्या राजाला वाटले की, महादेवाचा गाभारा दुधाने काठोकाठ भरावा. हेतू चांगला होता आणि साधनेही हाताशी होती. दवंडी पिटली गेली आणि घरोघरचे दूध देवळाकडे निघाले. राजाज्ञाच ती, लोकांनी थेंबही मागे ठेवला नाही. वासरे हंबरत राहिली, तान्ही मुले रडत राहिली, घागरीमागून घागरी रित्या झाल्या, पण गाभारा काही भरला नाही. दुपार कलल्यावर एक म्हातारी आली. घरातल्या पोराबाळांना पोटभर वाढून, लेकीसुनांचे हवे-नको पाहून, गोठ्यातल्या जनावरांपुढे वैरण टाकून मागे जे खुलभर दूध उरले, तेवढेच तिने देवावर घातले आणि साऱ्या नगरीच्या दुधाने न भरलेला गाभारा तिच्या दुधाने भरून गेला. पुढच्या सोमवारीही हेच घडले. अखेर राजाने स्वतः पहारा ठेवून तिला गाठले. म्हातारीने आधी अभय मागून घेतले आणि मग सांगितले की, तुमच्या दुधात उपाशी वासरांची आणि मुलांची तळमळ मिसळली आहे, ती देवाला कशी रुचेल?

राजाच्या दरबारात पंडित असतील, ज्योतिषी असतील. त्यांपैकी कोणालाही जे सुचले नाही, ते चूल आणि गोठा सांभाळणाऱ्या एका बाईला ठाऊक होते. कहाणीने शहाणपण कोणाच्या पदरात टाकले आहे, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे.

आनंदी आणि माणसांनी भरलेले जीवन कसे जगावे, हा आज मोठ्या उलाढालीचा विषय झाला आहे. त्यावर व्याख्याने होतात, निवासी शिबिरे भरतात, मोबाइलवर त्यासाठी निराळी अ‍ॅप मिळतात आणि पुस्तकांच्या दुकानांत ‘प्रेरणादायी’ या पाटीखालचे कपाट दरवर्षी रुंदावत जाते. या साऱ्याची टिंगल करण्याचे कारण नाही. एखाद्या खचलेल्या माणसाला त्यातून उभारी मिळत असेल, तर ते चांगलेच आहे. परंतु प्रेरणा ही बाहेरून, विशेष प्रसंगी आणि मोल देऊन आणण्याची वस्तू आहे, असा समज त्यातून रुजतो आणि तेथेच राजाच्या घागरींची आठवण होते.

या प्रश्नाची व्याप्ती जगभर वाढली आहे. ब्रिटनने जानेवारी २०१८मध्ये एकाकीपणाच्या प्रश्नासाठी मंत्र्याची नेमणूक केली. जपानने फेब्रुवारी २०२१मध्ये तेच केले. घरात एकट्याने मरण येणे आणि ते कित्येक दिवस कोणालाही न कळणे, यासाठी जपानी भाषेत ‘कोदोकुशी’ असा स्वतंत्र शब्द आहे. ज्या गोष्टीला भाषेला नाव द्यावे लागते, ती किती नित्याची झाली असेल, याची कल्पना करावी. २०२४ या एका वर्षात त्या देशात एकटे राहणाऱ्या सुमारे ७६ हजार जणांना घरातच मृत्यू आला, असे तेथील पोलिसांची आकडेवारी सांगते. त्यांतील बहुसंख्य पासष्टीच्या पुढचे होते. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणाने ग्रासले आहे आणि वर्षाकाठी आठ लाखांहून अधिक मृत्यूंशी त्याचा संबंध जोडता येतो. यात केवळ वृद्ध नाहीत. तरुणांचे प्रमाणही लक्षणीय आहे.

असे आकडे समोर आले की, पाश्चात्त्यांच्या भोगवादी जीवनपद्धतीची ही फळे आहेत आणि कुटुंबव्यवस्थेमुळे भारत सुरक्षित आहे, असे म्हणून टाळ्या मिळवता येतात. त्या टाळ्या फार काळ टिकणाऱ्या नाहीत. आईवडिलांना देव मानण्याचा उपदेश उपनिषदकालापासून ज्या भूमीत केला जातो, त्या भूमीच्या संसदेला २००७मध्ये आईवडिलांच्या चरितार्थाचा कायदा करावा लागला. मुलगा सांभाळत नाही म्हणून वृद्ध आईने न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा, अधिकाऱ्याने दरमहा रक्कम ठरवून द्यायची आणि वृद्धाला वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकेल, अशी ती तरतूद आहे. कायदा आवश्यक होता. पण ज्या समाजाला तो आवश्यक झाला, त्याने जपान-ब्रिटनकडे बोट दाखवताना थोडे थांबावे.

पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक, नागपूर अशा शहरांतील मध्यमवर्गीय वसाहतींमध्ये हे चित्र घराघरांत दिसते. मुलगा अमेरिकेत, मुलगी बंगळूरला. तीन खोल्यांच्या घरात दोन माणसे आणि त्यांतले एक गेले की एकच. मुलांचे प्रेम आटलेले नसते. रविवारी सकाळी पडद्यावर नातवंडे दिसतात. तिकडे रात्र असते, त्यामुळे ती जांभया देत असतात. दहा मिनिटांत संवाद आटोपतो आणि पुढचा रविवार येईपर्यंत दिवस मोजले जातात. यात कोणालाही दोषी ठरवण्याचे कारण नाही. कर्तृत्वाला वाव मिळेल तेथे तरुणांनी जावे, हे याच आईवडिलांनी त्यांना शिकवले होते. प्रश्न उरतो तो शेजारच्या दाराचा. समोरच्या घरात राहणारे वृद्ध गृहस्थ रोज सकाळी फुलांच्या चित्रासह सुप्रभात पाठवतात, त्यालाही कोणी फुलांच्याच चित्राने उत्तर देतो आणि दोन दारांमधली सहा फुटांची फरशी ओलांडायला महिनोन्‌महिने कोणालाच वेळ मिळत नाही. संदेश आला नाही, तर ते आजारी असतील अशी शंका यावी, इतकाही त्या चित्राचा उपयोग होत नाही; कारण कोणाचा संदेश आला आणि कोणाचा नाही, हे पाहतो कोण?

यावर लगेच वाड्यांच्या आणि चाळींच्या आठवणी काढण्याची मराठी लेखनात रीत आहे. सामायिक गॅलरी, उघडी दारे, वाटीभर साखरेची देवघेव, एकाच्या घरी आलेला पाहुणा सर्वांचाच पाहुणा, हे सारे खरे होते. परंतु नळावरची भांडणेही खरी होती. नव्या जोडप्याला एकांत नव्हता. एकत्र कुटुंबाच्या ज्या आनंदाचे गोडवे गायले जातात, तो अनेकदा घरातल्या धाकट्या सुनेच्या कंबरड्यावर उभा होता. ती पहाटे सर्वांआधी उठत असे आणि रात्री सर्वांनंतर, उरेल ते जेवत असे. वाड्याचा दिंडी दरवाजा आत राहणाऱ्यांसाठी उघडा होता, गावकुसाबाहेरच्यांसाठी नव्हता. वासरू उपाशी ठेवून भरलेल्या घागरी त्याही काळी होत्या. जुने दिवस जसेच्या तसे परत आणणे शक्य नाही आणि इष्टही नाही. त्या जगण्यातले जे सत्त्व होते, तेवढे मात्र आजच्या सदनिकेत नक्कीच आणता येते.

ते सत्त्व कोणते, याचे उत्तर शास्त्राने नित्यकर्मांत गुंफून ठेवले आहे. गृहस्थासाठी पंचमहायज्ञ सांगितले आहेत. ज्ञानपरंपरा, देव, पितर, भूतमात्र आणि मनुष्य अशा पाच ऋणानुबंधांची ती रोजची आठवण आहे. यज्ञ म्हटले की होमकुंड आणि मंत्रघोष डोळ्यांसमोर येतो. पण यांतला भूतयज्ञ म्हणजे गाईचा घास, कावळ्यासाठी काढलेले पान, मुंग्यांसाठी टाकलेले पीठ. नृयज्ञ म्हणजे दारी आलेल्या माणसाला अन्न. आजीच्या पिढीला या यज्ञांची नावे कदाचित सांगता आली नसती, परंतु पहिली पोळी गाईची असते, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही. वर्षातून एकदा घडणाऱ्या मोठ्या सत्कृत्याचा भरवसा परंपरेने धरला नाही. तिने ते स्वयंपाकाच्या क्रमातच बसवून टाकले, म्हणजे उत्साह असो वा नसो, दुसऱ्याचा विचार केल्याशिवाय दिवस पुरा होऊ नये.

याला आधुनिक संशोधनाचा दाखला हवा असेल तर तोही आहे. हार्वर्ड विद्यापीठात १९३८मध्ये सुरू झालेला एक अभ्यास आजही चालू आहे. त्यात विद्यापीठातील २६८ विद्यार्थी आणि बोस्टनच्या गरीब वस्त्यांमधील ४५६ मुले अशा ७२४ जणांच्या आयुष्याचा जन्मभर मागोवा घेण्यात आला आणि पुढे त्यांच्या मुलाबाळांनाही त्यात सामील करून घेतले गेले. पैसा, कीर्ती, बुद्धिमत्ता असे सगळे निकष लावून झाल्यावर संशोधक ज्या निष्कर्षाला आले, तो असा की, पन्नाशीत ज्यांचे नातेसंबंध समाधानाचे होते, ती माणसे ऐंशीत अधिक निरोगी राहिली. रक्तातील कोलेस्टेरॉलपेक्षाही हे लक्षण भविष्य अधिक अचूक सांगत होते. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५मध्ये मुंबईतील चार व्याख्यानांतून एकात्म मानव दर्शन मांडले, तेव्हा शरीर, मन, बुद्धी आणि आत्मा या चारही अंगांच्या सुखाचा एकत्र विचार झाल्याशिवाय मनुष्य सुखी होत नाही, असे प्रतिपादन केले होते. मनाचे सुख समजावताना त्यांनी विदुराघरच्या पाहुणचाराचा दाखला दिला होता. दुर्योधनाच्या राजवाड्यातील पंचपक्वान्ने नाकारून श्रीकृष्ण विदुराकडे गेले आणि आनंदाने भांबावलेल्या विदुरपत्नीने पुढे केलेल्या केळीच्या साली त्यांनी समाधानाने खाल्ल्या. हस्तिनापुरात त्या दिवशी अन्नाची वाण नव्हती; आत्मीयतेची होती.

संघाच्या कार्यपद्धतीचे रहस्य अनेक अभ्यासकांनी शिस्तीत शोधले, कोणी विचारसरणीत, तर कोणी नेतृत्वात. जवळून पाहणाऱ्याला ते एका फार साध्या गोष्टीत सापडते. आज शाखेत कोण आले नाही, हे गटनायकाच्या लक्षात येते आणि तो त्याच्या घरी जातो. एवढेच. प्लेगच्या साथीत एकाच दिवशी आईवडील गमावलेल्या, तेरा वर्षांच्या वयात घराचे छत्र हरपलेल्या एका मुलाने पुढे जी संघटना उभी केली, तिचा पाया घरोघरच्या जाण्यायेण्यावर रचलेला असावा, हा केवळ योगायोग म्हणता येत नाही. डॉ. हेडगेवारांच्या हयातीतच हे काम नागपूरच्या सीमा ओलांडून प्रांतोप्रांती पोहोचले, ते पत्रांच्या, प्रवासांच्या आणि कोणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून जेवण्याच्या बळावर. आणीबाणीत, १९७५ ते १९७७ या काळात, हजारो कार्यकर्ते गजाआड असताना त्यांच्या घरांचे काय झाले, याचा इतिहास पुरेसा लिहिला गेलेला नाही. कोणाच्या घरी धान्य पोहोचत होते, कोणाच्या मुलाची शाळेची फी भरली जात होती आणि हे करणारे स्वतःही पाळतीखाली होते. त्या दिवसांतील गृहिणींना विचारले, तर सभा आणि सत्याग्रह यांच्या आधी त्यांना आठवते ते रात्री दार हळूच वाजवून पिशवी ठेवून जाणारे कोणीतरी.

म्हणूनच खुलभर दुधाच्या कहाणीतला राजा कार्यकर्त्याने विशेष लक्ष देऊन पाहावा. समाजाचा गाभारा भरण्याच्या ओढीने स्वतःच्या घरातले दूध उपसणारे कार्यकर्ते कमी नाहीत. सकाळी शाखा, संध्याकाळी बैठक, रविवारी अभ्यासवर्ग, सुट्टीत प्रवास. वस्तीतील प्रत्येक मुलाची इयत्ता त्यांना ठाऊक असते; स्वतःचा मुलगा आठवीत की नववीत, यावर मात्र क्षणभर थांबावे लागते. त्यांच्या त्यागाविषयी समाजाला आदर आहे आणि असायलाच हवा. पण त्या त्यागाचा निम्मा वाटा न विचारता कोणाकडून तरी वसूल झालेला असतो. रात्री साडेदहाला अचानक चार जणांचे पान वाढणारी पत्नी आणि बाबा घरी नसतातच हे गृहीत धरून मोठी झालेली मुले यांचे मत कोणत्याही बैठकीच्या विषयपत्रिकेवर येत नाही. पुढे हीच मुले संघस्थानाकडे पाठ फिरवतात, तेव्हा नव्या पिढीच्या अभिरुचीला दोष दिला जातो. प्रचारकांची गोष्ट निराळी. त्यांनी घर समजून-उमजून मागे ठेवलेले असते. गृहस्थी कार्यकर्त्याने मात्र घर मांडलेले असते, त्यामुळे म्हातारीचा क्रम त्याला चुकवता येत नाही: आधी गोठा, मग चूल, मग देऊळ.

कुटुंब प्रबोधनाचा विषय अलीकडच्या वर्षांत संघाच्या पंच परिवर्तनात अग्रभागी आला, त्यामागे हीच जाणीव आहे. आठवड्यातून एकदा घरातील सर्वांनी एकत्र बसून जेवावे, थोडे भजन म्हणावे, गप्पा माराव्यात, एवढी साधी ती अपेक्षा आहे. ऐकताना ती किरकोळ वाटते. करून पाहिल्यावर तिची अवघड बाजू कळते. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवले तरी कान तिकडेच असतात. पहिल्या दोन आठवड्यांत वडील चर्चेच्या नावाखाली बौद्धिक घेतात आणि मुले ताटातल्या भातावर लक्ष केंद्रित करतात. तिसऱ्या किंवा चौथ्या आठवड्यात कधीतरी मुलगी वर्गातली एखादी गोष्ट आपणहून सांगते. त्या वेळी उपदेशाचा मोह आवरून जो बाप नुसते ऐकून घेतो, त्याचे ते जेवण सार्थकी लागते. प्रबोधन कोणाचे व्हायचे आहे, याविषयी घरातील कर्त्या पुरुषाने फार खात्री बाळगू नये.

परंतु घर तृप्त करून दार लावून घेतले, तर म्हातारीची गोष्ट अर्धीच राहते. तिने उरलेले दूध घेऊन घराबाहेर पाऊल टाकले होते. हे बाहेरचे पाऊल कोणाच्या दारापर्यंत जाते, ही हिंदू समाजाची खरी परीक्षा आहे. आपल्या पोटजातीतील, आपल्या उत्पन्नगटातील, आपल्यासारखेच बोलणाऱ्या माणसांच्या वर्तुळाला समाज म्हणण्याची सवय सुशिक्षितांनाही लागलेली आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीतील १९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेच्या काळात या सवयीवर जो उपाय शोधला, तो विलक्षण व्यवहारी होता. १९३१मध्ये पतितपावन मंदिर उभे राहिले, सहभोजने झाली, त्यांचा उल्लेख नेहमी होतो. त्याहून कमी सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे दसऱ्याचे सोने आणि संक्रांतीचा तिळगूळ. सर्व जातींच्या माणसांना सोबत घेऊन ते घरोघर सोने आणि तिळगूळ द्यायला जात. सणाच्या दिवशी दारी आलेल्याला परत पाठवता येत नाही, या जुन्या रीतीचाच त्यांनी जुन्या रूढीविरुद्ध उपयोग करून घेतला. सर्व जातींच्या स्त्रियांची सार्वजनिक हळदीकुंकूही त्यांनी घडवून आणली. नवा सण काढावा लागला नाही. होता त्याच सणाचा उंबरठा रुंद केला.

हळदीकुंकवाचा उंबरठा अजून एका बाजूने अरुंदच आहे. पती गेल्यावर ज्या बाईला माणसांची सर्वांत अधिक गरज असते, नेमके त्याच वेळी तिचे नाव आमंत्रणाच्या यादीतून गळते. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला. बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या गोष्टी गावात होणार नाहीत, असे एका लहानशा गावाने ठरवले आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींसमोर ते उदाहरण ठेवले. शहरांतील सुविद्य वसाहतींना असा ठराव करण्यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागू नये. तेथे तर केवळ एक नाव वाढवायचे असते आणि ते वाढवताना आढेवेढे घेणाऱ्या एखाद्या काकूंना प्रेमाने समजावायचे असते.

विजयादशमी २०२५ला संघकार्याची शंभर वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त आखलेल्या गृहसंपर्काच्या वृत्तपत्रकात किती घरी गेलो, याचा रकाना असतो. किती घरी बसून पाणी प्यालो, कोणाच्या आजारपणाची माहिती मिळाली, कोणाच्या घरी पुन्हा जावेसे वाटले, हे त्यात मावत नाही. पत्रक सोपे असावे, हे मान्य. पण संपर्काचा खरा हिशेब या न छापलेल्या रकान्यांतच आहे.

याच श्रावणात नारळी पौर्णिमेला रक्षाबंधन येते. संघाच्या सहा उत्सवांपैकी हा एक. ठिकठिकाणचे स्वयंसेवक सेवावस्त्यांमध्ये जातात, राख्या बांधतात, छायाचित्रे निघतात. अनेक ठिकाणी ते वस्तीचे त्या वर्षातले पहिले आणि शेवटचे दर्शन ठरते. काही शाखांनी वेगळा पायंडा पाडला आहे. राखी बांधली त्याच घरी दिवाळीच्या फराळाला जायचे, फेब्रुवारीत त्या घरातल्या दहावीच्या मुलाच्या अभ्यासाची विचारपूस करायची आणि मधल्या एखाद्या रविवारी त्या सर्वांना आपल्या घरी जेवायला बोलवायचे, ताटे मांडायची ती घरातल्या सर्वांच्या पंक्तीतच. अशा ठिकाणी दुसऱ्या वर्षी पौर्णिमेच्या सकाळी स्वयंसेवक निघण्याच्या तयारीत असतानाच बेल वाजते. दारात वस्तीतली बहीण उभी असते आणि तिच्या हातात राखी असते.